लुळा हात आणि मोकळा खांदा

मागच्या अंकात जन्माच्या वेळी बाळाच्या हाताच्या नसांना होणाऱ्या इजेबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली पत्रं वाचून मन जड झालं. जवळजवळ प्रत्येक घराला दवाखान्यातून 'व्यायाम द्या' एवढंच सांगितलं गेलंय. कोणता व्यायाम, हात कुठे धरायचा, कुठे थांबायचं, हे बाळाच्या अंगावर हात ठेवून कुणी दाखवलेलं नाही. म्हणून या वेळचं सगळं सदर बाळाच्या खांद्याला दिलं आहे.

प्रश्न : माझा मुलगा पाच आठवड्यांचा आहे. बाळंतपण नॉर्मल झालं, वजन 3 किलो 900 ग्रॅम. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. तेव्हापासून उजवा हात अंगालगत सरळ पडून राहतो, तळवा मागे वळलेला. तळव्यात बोट दिलं तर मूठ आवळतो. डॉक्टरांनी खांद्याला व्यायाम द्यायला सांगितलं. मी हात वर नेला की तो रडतो आणि मी घाबरून सोडून देते. सासूबाई म्हणतात, नस आपोआप येईल, हात लावू नकोस. मी काय करू?
— एक आई, जामखेड

उत्तर : ताई, तो मूठ आवळतो हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. मानेतून हाताकडे पाच नसांचा जुडगा उतरतो. त्यातल्या वरच्या दोन ताणल्या गेल्या की खांदा उचलणं आणि कोपर वाकवणं थांबतं. खालच्या शाबूत असल्या की बोटं चालतात. तुमच्या वर्णनावरून इजा वरच्या नसांना झालेली दिसते. हिला अर्ब्ज पाल्सी म्हणतात, विल्हेल्म अर्ब या जर्मन डॉक्टरांच्या नावावरून. त्यांनी 1874 मध्ये तिचं वर्णन केलं होतं. साधारण हजार बाळंतपणांमागे एक-दोन बाळांना ही इजा होते. बाळ मोठं असलं, खांदा अडकला की धोका वाढतो. तुम्ही काही चुकीचं खाल्लं किंवा कळा नीट दिल्या नाहीत म्हणून ती होत नाही. कुणी तसं म्हणत असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

सासूबाईंचं अर्धं म्हणणं खरं आहे. ताणलेली नस स्वतःच बरी होते, व्यायामाने ती लवकर येत नाही. इजा खोल असेल तर नसेचा धागा पुन्हा वाढत खाली यावा लागतो आणि तो दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर सरकतो. बाळाच्या मानेपासून दंडाच्या स्नायूपर्यंतचं अंतर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे महिने का लागतात ते कळेल. पण या महिन्यांत खांदा नुसता पडून राहिला तर तो आखडतो. हात आत ओढणाऱ्या, आत वळवणाऱ्या स्नायूंना बहुधा थोडी तरी ताकद असते. बाहेर वळवणारे अगदी थंड पडलेले असतात. हात सतत आत वळलेला राहतो आणि छातीपुढचे, काखेतले स्नायू त्याच लांबीचे होऊन बसतात. नस येते तेव्हा सांधा बंद असतो. नस येईपर्यंत सांधा मोकळा राखायचा, एवढंच या व्यायामाचं काम. ते मात्र दुसरं कुणी करणार नाही, तुम्हीच करायचं आहे.

हात वर नेण्याचा व्यायाम तुम्ही करताय तो हवाच, पण पहिला मान त्याचा नाही. पहिला व्यायाम हात बाहेर फिरवण्याचा. तो सांगते, नीट वाचा, आणि शक्य असेल तर घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावून बाळापाशी बसूनच करा.

बाळ उताणं, चटईवर, दुपट्याची घडी खाली. तुम्ही त्याच्या पायांकडे बसा, म्हणजे त्याला तुमचा चेहरा दिसेल. आधी हात एकमेकांवर चोळून गरम करा. बाळाचा उजवा दंड त्याच्या बरगड्यांना टेकवून ठेवा आणि कोपर काटकोनात वाकवा, बोटं छताकडे. आता तुमच्या एका हाताने कोपराजवळ दंड धरा, असा की तो अंगापासून सुटणार नाही. दुसऱ्या हाताने मनगटाच्या जरा वर धरा, मनगट पिरगळू नका. आणि बाळाचा पुढचा हात, म्हणजे कोपराच्या पुढचा भाग, सावकाश बाहेर, चटईकडे न्या, दार उघडावं तसा. दंड म्हणजे चौकट, पुढचा हात म्हणजे दार. चौकट हलता कामा नये. सुरुवातीला हात अलगद जाईल. मग एका जागी रबर ताणल्यासारखं वाटेल. तिथे थांबा. रेटू नका आणि सोडूही नका. दहा आकडे मोजा, गुणगुणा, त्याच्याशी बोला. मग हळूच परत. असं पाच वेळा.

डाव्या हाताचंही तसंच करून पाहा. चांगला हात कुठवर जातो ते बोटांना कळलं की उजवा कुठे कमी पडतोय हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही. पुढे सराव झाला की दोन्ही हात एकदम करता येतात आणि त्यात बाळ अंग वळवून पळवाटही काढत नाही.

आता हात वर नेण्याबद्दल. इथे एक फसगत होते. खांद्याचा सांधा आखडलेला असला तरी पाठीवरचं फऱ्याचं हाड हाताबरोबर सरकतं आणि हात वर गेल्यासारखा दिसतो. म्हणून एक तळवा बाळाच्या काखेच्या मागे सरकवा. बोटांना फऱ्याची कड लागेल. तिला हलकेच टेकून ठेवा आणि हात कडेने वर आणा. हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला की फऱ्यावरचा हात काढा, बाळाचा तळवा छताकडे वळवा आणि मग कानापर्यंत न्या. खांद्याच्या रेषेच्या वर हात नेताना फरा दाबून धरायचा नाही, तिथे त्यालाही फिरायला जागा लागते.

कोपर आणि मनगट लगेच होतात. कोपर वाकवा, सरळ करा. पुढचा हात असा फिरवा की तळवा बाळाच्या चेहऱ्याकडे येईल. मनगट मागे वळवा. प्रत्येक पाच वेळा. सगळं मिळून पाच-सहा मिनिटांत होतं, पण दिवसातून तीन-चार वेळा व्हायला हवं. वेगळी वेळ काढायला गेलात तर राहून जाईल. लंगोट बदलताना करा, ते काही कुणी चुकवत नाही.

रडण्याचं काय? भुकेला, झोपेला आलेला, उघड्यावर गार लागलेला मुलगा कशानेही रडतो. झोप झाल्यावर, पण पोट तुडुंब नसताना करा. हात धरून ठेवला म्हणून कुरकुरला तर बोलत राहा, करत राहा. मात्र दर वेळी ठरावीक जागी हात आला की किंचाळत असेल, किंवा सूज, टचटचीत फुगवटा दिसत असेल, तर थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हाड मोडलेलं नाही ना, हे व्यायामाआधी कुणी पाहिलंय का तेही विचारा.

एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, बाळाला तीन महिने पूर्ण होतील ती. तोवर रोज पाहा, तो स्वतः कोपर वाकवून हात तोंडाकडे आणतो का. उताणं असताना आणि कुशीवर असताना, दोन्ही. तीन महिन्यांपर्यंत कोपर वाकलं नाही तर वाट पाहत बसू नका. नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. लगेच ऑपरेशन करतातच असं नाही, पण करायचं ठरलं तर ते साधारण तिसऱ्या ते नवव्या महिन्याच्या दरम्यान करतात. त्यात पोटरीमागची एक बारीक नस काढून मानेत जोडायला वापरतात. वर्षाने गेलात तर ती वेळ टळून गेलेली असते. 'वर्षाचा झाला की आणा' असं सांगून परत पाठवलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या आईबापांना उत्तर देताना माझी जीभ अडखळली आहे.

खर्चाचं तुम्ही लिहिलेलं नाही, तरी सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. हा कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. तिथे फिजिओथेरपीचे पैसे पडत नाहीत. तुमच्या आशाताईंना सांगा, त्या पाठवणीची चिठ्ठी कशी मिळते ते सांगतील. महिन्यातून एकदा तरी कुणी तुमचा हात हातात घेऊन व्यायाम तपासायला हवा. लिहिलेलं वाचून हात बसत नाही.

प्रश्न : माझ्या नातीला असाच त्रास आहे. दोन महिन्यांची आहे. आमच्याकडे मालिशवाल्या बाई वीस वर्षांपासून येतात, त्यांच्या हाताखालून घरातली सगळी मुलं गेली. सून म्हणते मालिश बंद करा. बंद करायची का?
— एक आजी, बार्शी

उत्तर : आजी, बंद करू नका. तेलाचा हात, कोमट पाणी, ती ऊब बाळाला हवीच असते, आणि त्या हाताला स्पर्श कमी कळत असेल तर तिथे जास्तच फिरवायला हवा. पण बाईंना समोर बसवून चार गोष्टी सांगा. त्या मानी असतात, म्हणून सुनेने नको, तुम्हीच सांगा.

दुखऱ्या हाताला धरून ओढायचं नाही, कधीच नाही. शेवटी दोन्ही हात छातीवर आडवे-तिडवे घेऊन करकचून दाबतात ना, आणि उजवा हात डाव्या पायाला लावतात, ते या बाळाला नको. त्याने खांदा आणखी आत वळतो आणि आपल्याला नेमकं उलटं हवंय. हात धरून झोका देणं, काखेत हात घालून उचलणं, दोन्ही बंद. एक तळवा मानेखाली, एक बुडाखाली, असं उचला. पायांवर पालथं घेऊन अंघोळ घालताना तो हात खाली लोंबकळू देऊ नका, दुसऱ्या कुणीतरी तळव्यावर तोलून धरा.

झबलं घालताना आधी दुखरा हात, काढताना आधी चांगला हात. बाळुत्यात गुंडाळताना तो हात आत दाबून बांधू नका. झोळीत तर मुळीच नको, झोळीत दोन्ही खांदे पुढे चेपले जातात आणि तासन् तास तसेच राहतात.

आणि एक. मनगट्या. बारशाच्या काळ्या मण्यांच्या मनगट्या दुखऱ्या हातातून काढा. माझ्याकडे एक बाळ आलं होतं, त्याच्या मनगटाला मण्यांचा वळ खोल उमटला होता आणि कातडी ओली झाली होती. चांगल्या हाताला रुतलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. या हाताला कळलंच नाही. दृष्टीसाठी हव्याच असतील तर पायात घाला, सैल.

प्रश्न : बाळ दहा दिवसांचं. हासळीचं हाड मोडलंय असं एक्स-रेत दिसलं. हातही हलवत नाही. व्यायाम कधी सुरू करायचे?
— एक वडील, परभणी

उत्तर : आत्ता नाही. नवजात बाळाचं हे हाड फार लवकर जुळतं, साधारण दोन-तीन आठवड्यांत. तोवर हात कोपरात वाकवून, पोटावर ठेवून, झबल्याची बाही पुढच्या कापडाला सेफ्टी पिनने अडकवून ठेवतात. पिन बाहेरच्या बाजूने, टोक कापडातच राहील अशी लावा. हाड जुळलं असं डॉक्टरांनी सांगितलं की मग पहिल्या उत्तरातले व्यायाम. हाड दुखत असल्यानेही बाळ हात हलवत नाही, आणि नस दुखावली असली तरीही हलवत नाही. म्हणून हाड जुळल्यावर आठवडाभरात हात हलला नाही तर नसांची तपासणी करून घ्या. मोडलेलं नसेल तरी पहिले सात-दहा दिवस हाताला विश्रांतीच देतात, हे इतर वाचकांसाठी.

प्रश्न : आमचं बाळ अगदी ठीक आहे, चार महिन्यांचं. मोबाईलवर एका व्हिडिओत बाळाचे दोन्ही हात धरून वर खेचण्याचे व्यायाम दाखवतात, 'सांधे मोकळे होतात' म्हणे. करावे का?
— एक आई, ठाणे

उत्तर : नका करू. चांगल्या बाळाचे खांदे मोकळेच असतात, मोकळे करायला काही शिल्लक नसतं. हात धरून खेचल्याने कोपराचं हाड जागेवरून सरकू शकतं. जागं असताना थोडा वेळ पालथं घाला आणि समोर तुम्ही आडव्या व्हा. हातांवर जोर देऊन बाळ मान उचलेल, तेवढा व्यायाम त्याला भरपूर.

प्रश्न : मुलगी आठ महिन्यांची. डाव्या हाताला जन्मतः इजा होती. आम्ही खूप व्यायाम केले, अडीच महिन्यांत ती कोपर वाकवायला लागली, चार महिन्यांत खेळणी धरायला लागली. हात चालू झाला म्हणून व्यायाम हळूहळू बंद पडले. आता दोन आठवड्यांपासून कपडे घालताना खांद्यात 'टक' असा आवाज येतो. हात पूर्वीइतका बाहेर वळत नाही. तिला दुखत नाही. हे साधंच असेल ना?
— एक बाबा, शारजा

उत्तर : साधं नाही, भाऊ. हा अंक हातात पडेल त्याच आठवड्यात मुलांच्या अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. खांद्याची सोनोग्राफी करायला लागेल. या वयात खांद्याचा गोळा, म्हणजे दंडाच्या हाडाचं वरचं टोक, आणि तो बसतो ती वाटी बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची असते, ती एक्स-रेत नीट दिसत नाही. सोनोग्राफीत दिसते.

काय होतं ते सांगते, कारण तुमच्यासारखे पुष्कळ जण इथेच थांबतात. हात सुधारतो तेव्हा सगळे स्नायू एकदम जागे होत नाहीत. आत वळवणारे आधी येतात आणि जोमाने येतात. बाहेर वळवणारे मागे राहतात. म्हणजे हात हलायला लागतो तेव्हा ओढाताण कमी होत नाही, वाढते. गोळा रोज थोडा थोडा मागे ढकलला जातो. बाळाची वाटी चाकावरच्या ओल्या मातीसारखी असते, ज्या बाजूने दाब येईल तसा तिचा आकार होतो. गोळा मागे सरकला की वाटीचा मागचा काठ चपटा होत जातो. हे पहिल्या वर्षातच होऊ शकतं, कधी कधी चार-पाच महिन्यांतही. दुखत नाही, म्हणून कळत नाही.

हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. तरी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः एका आईला म्हणाले होते, 'छान, हात वर जातोय, आता व्यायाम कमी केले तरी चालतील.' मी फक्त हात किती वर जातो ते पाहिलं होतं. दंड अंगाला टेकवून बाहेर किती वळतो, ते मोजलंच नव्हतं. तो मुलगा चार वर्षांचा होऊन परत आला. मी त्याला बिस्कीट दिलं. त्याने ते तोंडाकडे नेताना कोपर बाजूला, पार कानाच्या उंचीपर्यंत उचललं, तुतारी फुंकणारा उचलतो तसं. त्याला दुसरा मार्गच नव्हता. त्या दिवसापासून हात कितीही चांगला दिसो, दर भेटीला मी बाहेर वळणं मोजते आणि आकडा पालकांच्या वहीत लिहून देते. त्याची आई मला काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तुम्ही आज रात्री एवढं पाहा. मुलीला उताणं झोपवा, दोन्ही दंड अंगाला टेकवा, कोपरं काटकोनात, आणि दोन्ही हात एकदम बाहेर न्या. उजवा जवळजवळ गादीला टेकेल. डावा कुठे थांबतो ते पाहा आणि वरून फोटो काढा. मग दोन्ही काखा पाहा. डाव्या काखेत मागच्या बाजूला जास्तीची घडी दिसते का, डावा दंड आखूड वाटतो का. हे सगळं डॉक्टरांना सांगा.

'टक' ऐकू येतं म्हणून पुन्हा पुन्हा हलवून बघू नका. सोनोग्राफी होईपर्यंत जोर लावून ताण द्यायचा नाही, जितका सहज जातो तितकाच हात फिरवा. गोळा मागे गेलेला असेल तर तो नुसत्या व्यायामाने जागेवर येत नाही. आत ओढणाऱ्या स्नायूंमध्ये बोट्युलिनमची, म्हणजे स्नायू काही काळ ढिले पाडणाऱ्या औषधाची सुई देऊन, भुलीखाली सांधा बसवून काही आठवडे प्लास्टर घालतात, कधी शस्त्रक्रियाही लागते. आठ महिने म्हणजे उशीर झालेला नाही. वाटी अजून मऊ आहे, गोळा जागेवर आणून ठेवला तर तिचा आकार सुधारण्याची चांगली आशा असते. म्हणूनच घाई करायला सांगतेय.

गोळा जागेवरच निघाला तर उत्तम. मग दिवसातून तीन वेळा, दार-चौकटीचा व्यायाम पुन्हा सुरू करा, आणि निदान दोन वर्षांची होईपर्यंत सोडू नका. आता ती मोठी झालीय, लोळून निसटेल. अंघोळीनंतर अंग पुसताना धरा, तेव्हा गुंतलेली असते. खेळणी डाव्या हाताच्या बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे ती स्वतः तिकडे हात नेईल.

सोनोग्राफीत काय आलं ते मासिकाच्या पत्त्यावर मला कळवा. फोटोही पाठवा, चेहरा नको, फक्त दोन्ही हात.